शिलाईच्या अक्का आणि रंगाऱ्याची पोर

शिलाईच्या अक्का कुठलंही पुस्तक पहिल्या पानापासून वाचत नसत. त्यांच्या वाट्याला पुस्तक यायचं तेच मधून. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका बाइंडिंगच्या दुकानात त्या कामाला होत्या. छापखान्यातून तिथे टॉवेलएवढे कागद यायचे. एकेका कागदावर सोळा पानं, त्यातली निम्मी डोक्यावर उभी, आणि पासष्टाव्या पानाशेजारी ऐंशीवं. कागदाला तीन घड्या घातल्या की पानं मुकाट्यानं ओळीत येतात. त्या घडीला फर्मा म्हणतात. दुकानात चार बायका होत्या आणि प्रत्येकीपुढे एकाच फर्म्याचा ढीग असे. अक्कांपुढे पाचवा फर्मा आला की दिवसभर पाचवाच. घड्या घालता घालता त्या तो वाचून काढत, उलटी पानं उलटीच वाचत, आणि संध्याकाळपर्यंत ती सोळा पानं त्यांना तोंडपाठ होत. चौथ्यात काय झालं आणि सहाव्यात काय होणार, ते दुसऱ्या बायकांच्या ढिगात. त्या बायका वाचत नसत.

मग अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत. मी चित्रकलेचा मास्तर. आमच्या कला महाविद्यालयाचा वार्षिक अंक बांधायला घेऊन मी पहिल्यांदा तिथे गेलो, ती नव्वदीची सुरुवात होती. मी पिशवी खाली ठेवतोय तोच कोपऱ्यातून आवाज आला.

"मास्तर, ह्यातली थोरली सून तिन्हीसांजंला विहिरीकडं गेलती. ती परत आली का?"

मला त्या कादंबरीचं नावही माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

"मग कुणाला म्हाईत असंल?"

"अक्का, पावण्यांना पाणी तरी पिऊ दे की," मालक गल्ल्यावरून म्हणाले. "आल्या आल्या सून हुडकाय लावलीस."

पुढच्या खेपेला कादंबरी बांधून तयार होती. मी काउंटरवर उभा राहून सहावा फर्मा चाळला आणि सांगितलं, "अक्का, ती परत आली. घागर विसरली होती, ती आणायला गेली होती." अक्कांचा चेहरा पडला. "एवढंच व्हय? मी तिला चार दिस मारून ठिवलंतं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या फर्म्याला हात घातला. त्या दिवसापासून आमची ओळख झाली. त्या मला अर्धी गोष्ट देत आणि मी उरलेली शोधून आणून देई. मास्तर गोष्ट अर्धी ठेवत नाही, असा माझा तिथे लौकिक झाला. हा लौकिक मी पुढे कसा राखला, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

अक्का मूळच्या मुरगूडच्या. नवरा लवकर गेला. संगीता नावाची एकुलती मुलगी, तिला घेऊन त्या कोल्हापुरात भाड्याच्या खोलीत राहात. बारीक अंगाच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर दोऱ्यानं पडलेली एक खाच होती. ती त्या नवख्या बाईला दाखवत आणि म्हणत, "हितं घर पडल्याबिगर शिलाई येत न्हाय." घड्या चौघीही घालत, पण फर्मे एकमेकांना शिवायचं काम फक्त अक्कांचं. मालक गिऱ्हाइकाला सांगत, "कापड फाटंल, पुठ्ठा फाटंल, अक्काची शिलाई सुटायची न्हाय." ही जाहिरात नव्हती. तीस वर्षांपूर्वीची वह्यांची बाडं लोक नवं कापड घालायला आणत, आणि आतली शिलाई तशीच असे.

त्यांची पुस्तकाची परीक्षा एकच होती. शिवून झालं की त्या ते मधोमध उघडून फळीवर ठेवत आणि हात काढून घेत. "पुस्तक उघडल्यावर गप झोपलं पायजे. दोन्ही हातांनी दाबून धराय लागलं तर ते पुस्तक न्हवं, कोंबडं." मोठमोठ्या प्रकाशकांची कोंबडी मी नंतर पुष्कळ पाहिली.

आणखी एक सवय होती. शेवटच्या फर्म्याला गाठ मारली की सगळे बाइंडर दोरा गाठीला लागून कापतात. अक्का नखाएवढं टोक ठेवत. मालक ओरडत, "शेपूट काप की, वंगाळ दिसतंय." अक्का न बघता म्हणत, "राहू दे. पुस्तक उघडझाप झालं की दोरा सरकतोय. त्याला सरकाय जागा ठिवली न्हाय तर गाठच सुटंल." मी हे वाक्य डझनभर वेळा ऐकलं असेल. चित्रकलेच्या मास्तरला त्यात शिकण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

नव्वदीच्या मध्यावर मुंबईच्या एका संस्थेनं हातानं बनवलेल्या पुस्तकांचं प्रदर्शन जाहीर केलं. जगातल्या कुठल्याही पुराणकथेतलं एक पात्र घ्यायचं आणि त्यावर एकच प्रत करायची. बाकीचे सगळे कर्ण नाहीतर शकुंतला करणार हे दिसत होतं. वेगळं दिसावं म्हणून मी ग्रीकांकडे गेलो. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, त्यात अरॅक्नी नावाच्या विणकर मुलीची दोन पानी गोष्ट सापडली. मी तिचं मराठी केलं, आठ जलरंगी चित्रं काढली आणि बांधणी विचारायला दुकानात गेलो.

दुपारची भाकरी खाऊन अक्का दोऱ्याला मेण लावत बसल्या होत्या. "काय गोष्ट हाय?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच मी त्यांना एखादी गोष्ट सुरुवातीपासून सांगत होतो.

"एक मुलगी होती. तिच्यासारखं विणणारं जगात कुणी नव्हतं."

"बाप काय करायचा तिचा?"

"रंगारी. लोकर रंगवायचा."

"मंजे आमच्यासारखंच की. बरं, मग?"

"ती म्हणाली, मला देवीनं शिकवलं नाही, माझं मी शिकले. विणकामाची जी देवी, अथीना, तिला राग आला. दोघींची पैज लागली. देवीनं देवांचा मोठेपणा विणला. हिनं देवांनी बायकांना कसं कसं फसवलं ते विणलं. देवीनं हिचं कापड सगळीकडून तपासलं. एक चूक सापडली नाही. मग तिनं ते फाडलं आणि हातातला धोटा हिच्या डोक्यात घातला. हिनं गळफास लावून घेतला. तेव्हा देवीनं तिचा कोळी केला. ती अजून विणते आहे."

अक्कांचा हात थांबला होता.

"चुकी न्हवती?"

"नव्हती."

"तपासून बघितलंतं?"

"हो."

"आणि तरीबी फाडलं." त्यांनी दोऱ्यावरून मेण पुन्हा एकदा फिरवलं. "नंतर देवीला काय वाटलं?"

"म्हणजे?"

"आमच्या घरात देवी न्हाय मास्तर, आमी बुद्धाचं. म्हणून इचारते. चुकी नसताना फाडलं, तर देवीला झोप लागती का?"

"पुस्तकात दिलेलं नाही."

"मंजे पुढचा फर्मा गहाळ हाय."

"शोधून सांगतो," मी सवयीनं म्हणालो.

"तुला देवीच्या झोपंचं काय पडलंय अक्का," मालक म्हणाले, "हिकडं पावतीपुस्तकं अडल्यात."

पुढचे आठ-दहा दिवस मी गेलो की एक नवा प्रश्न तयार असे. बाईचा कोळी झाल्यावर तिनं माग कुठं लावला? पहिलं जाळं सरळ आलं असेल का? आठ पाय मिळाल्यावर तिला बरं वाटलं असेल की अडचण झाली असेल? अक्कांना त्या मुलीचं नाव उच्चारता येत नव्हतं आणि त्याची त्यांना गरजही वाटली नाही. त्या तिला रंगाऱ्याची पोर म्हणत. पेठेतल्या कुणाच्या तरी मुलीची चौकशी चालली आहे असं ऐकणाऱ्याला वाटावं.

मग मी माझी चित्रं दाखवली. अक्कांनी हात पुसले, आठही चित्रं फळीवर मांडली आणि बराच वेळ पाहिली.

"बाई देखणी हाय. पर हिचं हात कुठं हायत?"

हात मला आयुष्यात कधी नीट जमले नाहीत. आठही चित्रांत ते कुठेतरी पदराआड, कुठे मागाआड गेले होते. इतकी वर्षं मी मुलांना हात काढायला शिकवत होतो आणि हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"राग येऊ देऊ नका मास्तर. ह्यातली कुठलीबी बाई काढली आणि क्यालिंडरावर लावली तर चालंल. रंगाऱ्याच्या पोरीला चित्र कशाला? तिला दोरा द्या."

"म्हणजे काय करू?"

"आता मी शिवते तो दोरा पाठीत जातोय आणि तिथंच राहतोय, कुणाला दिसत न्हाय. तो बाहीर काढू. पानावर येऊ दे. तिचं कापड तोच विणंल."

पुढचे दोन महिने दुपारी आम्ही ते पुस्तक केलं. आम्ही हा शब्द मी इथे पहिल्यांदा वापरतो आहे. अक्षरं माझी, जाड हातकागद मी आणला, वेष्टनाला काळी घोंगडी लावायचं मी सुचवलं. बाकी पुस्तक अक्कांचं. फर्मे आठच, कारण पाय आठ. आठही फर्म्यांना मिळून एकच दोरा, मध्ये एकही गाठ नाही. तो पाठीतून निघून पानावर यायचा, उभे धागे व्हायचा, पुढच्या फर्म्यात आडवे धागे भरायचे, कापड दाट होत जायचं. शब्द त्या धाग्यांच्या मागून वाचायचे. रद्दी कागदावर त्यांनी किती नमुने केले आणि उसवले, त्याची गणती नाही.

एवढा लांब दोरा प्रत्येक भोकातून ओढून घ्यायचा म्हणजे दुकान अपुरं पडे. अक्का मागच्या भिंतीशी बसत आणि दोरा दारातून बाहेर गल्लीत जाई. मालक धोतर वर धरून त्यावरून टांगा टाकत. "माझ्याच दुकानात मला फिरायची चोरी झाली," ते म्हणत. समोरच्या तालमीतला एक पैलवान रोज दोऱ्यापाशी येऊन थांबे आणि विचारी, "अक्का, जाऊ का?" अक्का दोरा ढिला सोडत, पैलवान लहान मुलासारखा जपून पाय टाकून पलीकडे जाई.

सहाव्या फर्म्यापाशी आम्ही अडलो. तिथे देवी कापड फाडते. मी म्हणालो, इथे दोरा कापू आणि टोकं लोंबती ठेवू. दोन दिवस अक्कांनी त्या फर्म्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "न्हाय मास्तर. कापड फाटलं, दोरा न्हाय तुटला. तुटला असता तर कोळी झाल्यावर तिनं काय घिऊन विणलं असतं?" त्यांनी पानच मधून हातानं फाडलं, आणि दोरा त्या फटीतून मोकळ्या हवेत पलीकडे नेला. पान उलटताना तो थरथरे. प्रदर्शनात लोक ज्या पानापाशी उभे राहिले ते हे पान. माझं कौतुक झालं ते ह्या पानाबद्दल.

शेवटच्या पानावर जाळं होतं. जाळ्यातून दोरा खाली येई आणि तिथे अक्कांनी ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ मारली, खाली टोक ठेवलं. गाठ पानावर लोंबत होती.

"ही ती, रंगाऱ्याची पोर," अक्का म्हणाल्या. "आता हिला कुणी हात लावायचा न्हाय."

पुस्तक उघडून त्यांनी फळीवर ठेवलं. ते गप झोपलं.

"शेवटच्या पानावर तुमचं नाव घालतो अक्का," मी म्हणालो.

"माझं? कसं दिसंल?"

"बघा तर खरं."

"मग पुरं घाला. नुसतं अक्का नगं. अक्का गल्लीत धा हायत."

पाठवायच्या दिवशी सकाळी मी ते पान लिहायला घेतलं. संकल्पना, सुलेखन, बांधणी, असं लिहिलं आणि पुढे माझं नाव लिहिलं. फक्त माझं. जागा कमी नव्हती. मला कुणी अडवलं नव्हतं. मुंबईचे लोक काय म्हणतील, शिवणाऱ्या बाईची संकल्पना म्हटल्यावर माझं काय राहिलं, असे विचार मनात होते. त्या बाईंचं आडनाव वेगळं असतं, आमच्यातलं असतं, तर मी ते लिहिलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. उत्तर मला आवडलं नाही.

शाई वाळली आणि माझ्या लक्षात आलं की ती गाठ बरोबर माझ्या नावावर लोंबते आहे. बाजूला सारली की परत येई. मी कात्री घेतली आणि ती जाळ्याच्या कडेला लागून कापली. काम व्यवस्थित दिसावं म्हणून, असं मी तेव्हा मनाशी म्हणालो. गाठ टेबलावर पडली. ती मी केराच्या टोपलीत टाकली.

पहिलं बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात पुस्तकासह माझा फोटो आला. मालकांनी तो काउंटरच्या काचेखाली ठेवला. अक्कांनी तो जवळून पाहिला, चष्मा काढून पाहिला.

"ह्यात शेवटचं पान न्हाय दिसत."

"दुसऱ्या बाजूनं काढलाय फोटो," मी म्हणालो.

महिनाभरानं पुस्तक परत आलं. प्रदर्शनात माणसं पानं उलटत होती, आणि उलटता उलटता आधी जाळं ढिलं पडलं, मग कापड, मग फर्मे. पाकिटातून मी ते बाहेर काढलं तेव्हा आठ फर्मे सुटे होते आणि दोऱ्याचा गुंता त्यात कोंबलेला. मध्ये एकही गाठ नसलेला तो सबंध दोरा त्या एका गाठीवर उभा होता. सोबत पत्र होतं. हे पुस्तक पुढे दिल्लीला पाठवण्याचा विचार आहे, बांधणी सदोष कशी राहिली याचा खुलासा करावा. मी खुलासा केला. शिलाई स्थानिक कारागिराकडून करून घेतली होती, दोष तिथला आहे. अक्कांचा लेखी उल्लेख मी एकदाच केला तो हा, आणि तोही नावाशिवाय.

मग पुस्तक घेऊन दुकानात गेलो. मालक उठून उभे राहिले.

"अक्काची शिलाई सुटली?"

तिन्ही बायकांनी माना वर केल्या. अक्कांनी फर्मे घेतले आणि मांडीवर ओळीत लावले. शेवटचं पान त्यांनी वाचलं. मी लिहिलेल्या त्या एका ओळीला त्यांना सबंध फर्म्याएवढा वेळ लागला. मग दोऱ्याचं टोक शोधून काढलं, खिडकीच्या उजेडात धरलं, बोटावर फिरवलं.

"हा तुटलेला न्हाय," त्या म्हणाल्या. "कापलाय. कात्रीचा काप हाय."

"मी हात लावलेला नाही," मी म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, मला तो सोसला असता. गोष्टीतल्या माणसाविषयी विचारताना त्या जशा बघत, तशाच बघत होत्या.

"मग कुणी कापला असंल?"

"मुंबईत कुणीतरी असेल. किंवा गाठच कच्ची असेल."

"असंल," अक्का म्हणाल्या.

पुस्तक त्यांनी तीन दुपारींत पुन्हा शिवून दिलं. माझ्या हातात देताना ते एकदा उघडून फळीवर ठेवलं. "झोपतंय बघा," एवढंच म्हणाल्या. ते दिल्लीला गेलं, परत आलं, आणि मी ते कपाटात टाकलं. पुन्हा उघडलं नाही.

अक्कांची शिलाई सुटली ही गोष्ट मात्र पेठेत फिरली. मालक माणूस वाईट नव्हते. पण छापखान्याचे लोक विचारू लागले, तेव्हा ते एक दिवस म्हणाले, "अक्का, डोळ्यांचं वय झालं आता, शिलाई चौघींतल्या धाकटीकडं देऊ." अक्का पुठ्ठ्यांना खळ लावायला बसल्या. मी दोनदा ते पाहिलं. एक वाक्य बोललो असतो तर त्या आपल्या जागेवर परत गेल्या असत्या. ते वाक्य मी दोन्ही वेळा घरून ठरवून नेलं होतं. तिसऱ्यांदा मी दुसरा बाइंडर शोधला. संगीताला मुरगूडच्या शाळेत नोकरी लागली आणि अक्का तिच्याबरोबर गेल्या, हे मला मालकांकडून रस्त्यात कळलं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी मी मुरगूडला रांगोळी स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो. शाळा संगीताचीच निघाली. "आई रोज तुमचं नाव काढते, घरी चला," ती म्हणाली, आणि मला नाही म्हणता आलं नाही. अक्का दारात शेंगा सोलत बसल्या होत्या.

"मास्तर, वाळलासा की. जेवताय का न्हाय?" चहा सांगून झाला, सांधेदुखी सांगून झाली. मग त्यांनी विचारलं, "ते देवीचं काय झालं पुढं? शोधतो म्हणालता."

मला वाटलं त्या टोमणा मारताहेत. नव्हत्या. शेंगा सोलायच्या थांबून त्या खरोखर उत्तराची वाट पाहात होत्या.

"पुस्तकात मिळालं नाही अक्का."

"मग तुमीच लिवा की. फर्मा गहाळ झाला म्हणून कुणी अर्धं पुस्तक बांधत न्हाय. परत छापून आणत्यात."

संगीता आत होती, आम्ही दोघंच होतो. तेव्हाही मी बोललो नाही. एसटीची वेळ झाली असं म्हणालो. त्यांनी मला ओंजळभर शेंगा रुमालात बांधून दिल्या. दोन वर्षांनी संगीताचा फोन आला, अक्का गेल्याचा.

मग मी कपाटातून पुस्तक काढलं आणि मुरगूडला गेलो. संगीतासमोर शेवटचं पान इतक्या वर्षांनी पहिल्यांदा उघडलं. माझं नाव तसंच होतं, जाळं तसंच होतं, पण खाली लोंबणारी गाठ नव्हती. संगीतानं पान थोडं वाकवलं, चिमटीनं घडी उघडली आणि म्हणाली, "ही बघा." गाठ आत होती, शेवटच्या दोन पानांच्या घडीत, जिथे कुठल्याही कात्रीचं तोंड पोचणार नाही. नखाएवढ्या टोकासकट.

मी संगीताला सगळं सांगितलं. माझ्या नावापासून मुंबईच्या पत्रापर्यंत.

"मला माहीत आहे सर," ती म्हणाली. "आईनं तेव्हाच सांगितलं होतं. कात्रीचा काप, आणि गाठ नेमकी तुमच्या नावावर येत असणार, हे तिनं पान बघूनच ओळखलं होतं."

"मग त्या मालकांना का नाही बोलल्या?"

"मी भांडायचे तिच्याशी त्यावरून. ती म्हणायची, मास्तर सांगतील. गोष्ट अर्धी ठेवणारा माणूस न्हाय तो."

मालक आता नाहीत. दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. ज्यांच्यासमोर मी खोटं बोललो त्यांतलं माझ्या माहितीत कुणी उरलेलं नाही, म्हणून ज्यांना वाचायला मिळेल त्यांना सांगतो. ती शिलाई सुटली नव्हती. मी कापली होती. त्या पुस्तकाची संकल्पना आणि बांधणी मुरगूडच्या सुमन धोंडीराम कांबळे यांची होती. हातकागद आणि अक्षरं माझी.

पुस्तक मी संगीताकडेच ठेवलं. ती ते शाळेत नेते. परवा तिचा फोन आला होता. मुलं फाटलेल्या पानातून बोट घालून दोरा वाजवून बघतात, तिनं सांगितलं, पण शिलाई हललेली नाही. मग म्हणाली, "सर, एक अडचण आहे. गोष्ट संपली की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, नंतर देवीला झोप लागली का. मी काय सांगू?"

"त्यांना माझ्याकडे पाठव," मी म्हणालो. "मी सांगेन."